टारफुल्याला बोंड धरू देऊ नका



पावसाळा निम्मा सरला की गट ऑफिसात एक तक्रार ठरलेली येते. "साहेब, लागण चांगली उगवली, खताचा डोस चुकवला नाही, पाणी वेळेवर आहे, पण उसाला काळोखी काही येईना. सरीत पाणी असून पान सुकल्यावानी दिसतंय." मग कोणी बेण्याला नावे ठेवतो, कोणी खताच्या पिशवीला. प्लॉटात आत शिरून, पाचट बाजूला सारून बेटाच्या बुडाशी पाहिले की पुष्कळदा खरा चोर सापडतो. वीत-दीड वीत उंचीची, अरुंद खरबरीत पानांची, बारीक पांढऱ्या फुलांची रोपे. हाच आपला टारफुला. शास्त्रात याला स्ट्रायगा म्हणतात.

शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. घराचे राहू द्या, ती श्रद्धेची बाब आहे. पण आपल्या शेतालाही दार नाही, आणि या चोराला शेताचे दार लागतच नाही. तो पाटाच्या पाण्याबरोबर येतो, कुळवाच्या फासाला चिकटून येतो, बेण्याच्या मातीतून येतो. म्हणून त्याचे बी कसे धरते, कसे पसरते आणि जमिनीत कसे दबा धरून बसते हे प्रत्येक सभासदाला माहीत असले पाहिजे. ते कळले की उपाय कधी करायचा हे सांगावे लागत नाही.

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या वनस्पती आपल्या शिवारात तीन प्रकारच्या दिसतात. पहिले बांडगूळ, आंब्याच्या फांदीवर बसणारे. त्याच्या फळात एकच बी, पण त्याभोवती डिंकासारखा चिकट गर. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी ते फळ खातो, बी विष्ठेतून चिकटच बाहेर पडते, आणि पक्षी ते फांदीवर पुसून मोकळा होतो. बांडगुळाचा गडी म्हणजे पक्षी. दुसरी अमरवेल. लसूण घासाच्या जुन्या प्लॉटात पिवळ्या दोऱ्याचे जाळे दिसते ते तिचे. तिचे बी घासाच्या बियाणात मिसळून येते, म्हणजे ते आपणच पैसे मोजून आणतो. वर तिचा तुटलेला तुकडा घासावर पडला तरी जगतो.

तिसरा टारफुला. याला ना पक्षी लागतो, ना चिकट गर. याचा सारा भरवसा संख्येवर आहे. आणि याचा गडी म्हणाल तर आपण स्वतः.

आता याचे फूल नीट पाहू. फूल लहान, पाकळ्यांची नळी मध्येच वाकलेली, वरचा ओठ आखूड, खालचा तीन भागांचा. आत चार पुंकेसर, दोन लांब, दोन आखूड. मध्ये बीजकोश, त्याचे कप्पे दोन, आणि त्या दोन कप्प्यांत शेकडो बीजांडे खच्चून भरलेली. फुलाखालच्या हिरव्या पेल्यावर उभ्या शिरा असतात. त्या मोजून जातही ओळखता येते. पाच शिरा असल्या तर डेन्सिफ्लोरा, दहाच्या आसपास असल्या तर एशियाटिका, पंधरा असल्या तर अँगुस्टिफोलिया. आपल्याला तिन्ही टारफुलाच आणि तिन्ही नुकसानीच्याच, पण शाळेत जाणाऱ्या मुलांना शिरा मोजायला लावा. मुले एकदा ओळखायला शिकली की घरात पहारेकरी तयार झाला समजा.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बहुतेक फुलांना फळ धरायला माशी, वारा असे काही लागते. आफ्रिकेत ज्वारी-मक्यावर हर्मोन्थिका नावाची टारफुल्याची मोठी, जांभळट फुलांची बहीण आहे. तिला कीटक लागतात आणि पराग दुसऱ्या रोपाचा लागतो. आपल्या एशियाटिकाला यातले काही लागत नाही. कळी मिटलेली असतानाच आतला स्त्रीकेसर लांबत वर सरकतो, वाटेत परागपिशव्यांना घासतो आणि तिथेच फलधारणा उरकते. म्हणजे पांढरे फूल आपल्या नजरेला पडते तेव्हा लग्न लागून गेलेले असते, आपण फक्त वरात पाहतो. शिवाय या झाडाला जोडीदार लागत नाही. साऱ्या एकरात एकच रोप राहिले तरी पुढच्या वर्षीची पेरणी करायला ते एकटे पुरते.

फुले तुऱ्यावर खालून वर उमलत जातात. शेंड्याला फूल असते तेव्हा खालचे बोंड पिकून दोन शकलांत उकललेलेही असू शकते. बोंडातून जे पडते त्याला बी म्हणायचे एवढेच, दिसायला ती तपकिरी पूड असते. एक बी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढे. एका ग्रॅमात लाखाच्या वर बी बसते. चांगले पोसलेले एक रोप पन्नास हजारांपर्यंत बी देऊ शकते. आपण इतके धरू नका. गुंठ्यात वीस रोपे राहिली आणि प्रत्येकाने फक्त दहा हजार बी टाकले असे धरा. गुंठ्यात झाले २ लाख, एकरात ८० लाख. आणि हे सारे बी मावले किती जागेत? मुठीतसुद्धा भरणार नाही.

हे बी पडले की लगेच उगवत नाही. जमिनीत ते दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. त्याला आधी ऊब आणि ओल लागते, आठवडा-दोन आठवडे. तेवढ्यानेही ते उगवत नाही. बीत अन्नाचा साठा जवळजवळ नाहीच, त्यामुळे जवळ मूळ नसताना उगवले तर चार-सहा दिवसांत मरेल. म्हणून ते वाट पाहते. उसाचे, ज्वारीचे, बाजरीचे, मक्याचे मूळ जवळ आले आणि त्या मुळातून झिरपणारा एक विशिष्ट पदार्थ बीपर्यंत पोचला की मगच अंकुर फुटतो. तो अंकुर काही मिलिमीटर पुढे सरकतो, मुळाला टेकतो, तिथे गाठीसारखा चोषक तयार करतो आणि उसाच्या नळ्यांना आपली नळी जोडतो. त्यानंतर पाणी तुमचे, खत तुमचे, वाढ त्याची.

मुळातून झिरपणारा हा पदार्थ अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रथम वेगळा केला. आता अशा पदार्थांच्या साऱ्या कुळाला स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पिकाने चोराला बोलवायला हा वास का सोडावा, हे कोडे पुढे कितीतरी वर्षे तसेच होते. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की ही हाक मुळात दुसऱ्यालाच असते. जमिनीत एक उपकारी बुरशी असते, ती मुळाशी राहून पिकाला स्फुरद आणून देते. स्फुरद कमी पडला की पीक त्या बुरशीला जास्त जोराने हाक मारते. मित्राला मारलेली हाक दबा धरून बसलेला चोर ऐकतो, असा हा प्रकार आहे. हलक्या, मुरमाड, उपाशी जमिनीत टारफुला जास्त का, याचे एक कारण यात आहे. शेणखत, स्फुरद आणि नत्राचा हप्ता वेळेवर मिळालेल्या, ताण न पडलेल्या जमिनीत त्याचा जोर कमी राहतो. तेव्हा खत घालून टारफुला मरत नाही हे खरे, पण उपाशी जमीन त्याला आवतण देते हेही तितकेच खरे.

आता वेळेचे गणित मांडू. मुळाला चिकटल्यापासून रोप जमिनीवर यायला चार ते सात आठवडे लागतात. या काळात ते डोळ्यांना दिसतच नाही आणि बरेचसे नुकसान याच काळात होऊन जाते. वर आल्यावर फुलायला साधारण तीन-चार आठवडे. फुलापासून बोंड पिकायला आणखी दोन ते चार आठवडे. या साऱ्यात आपल्या हाती लागणारी संधी एकच, रोप वर आल्यापासून फुलेपर्यंतचे तीन आठवडे. आणि आपण उपटतो कधी? शेत पांढरे दिसायला लागले की. तोवर खालची बोंडे तयार होत आलेली असतात. मजूर ती रोपे उपटून बांधावर टाकतात. बोंडे बांधावर वाळतात, उकलतात, आणि पहिल्या सरीला सारी पूड शेजाऱ्याच्या वावरात. मजुरी आपण भरली, बी शेजाऱ्याला पोचवले.

"साहेब, खुरपायला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही," असे सभासद म्हणतात. ते खोटे नाही. पण फुलण्याआधीची एक फेरी टाळली तर तिचे व्याज पुढची दहा वर्षे भरावे लागते, हा हिशेब मजुरीच्या शेजारी मांडून पाहावा. या वर्षी उपटल्याने या वर्षीचा ऊस फारसा सुधारत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी "उपटून काय झाले" असे म्हणायला नको. उपटायचे ते पुढच्या खोडव्यासाठी, आणि शेजाऱ्यासाठी.

तणनाशकाचेही तसेच. टू-फोर-डी हे औषध उगवलेल्या टारफुल्यावर चालते, पण फुलण्याआधी आणि फक्त त्याच्यावर रोखून मारले तर. शेजारी कपाशी, भेंडी किंवा द्राक्ष असेल तर त्याचा फवारा उडवू नका. वाऱ्याने आलेल्या नुसत्या तुषारानेही कपाशीची पाने आकसतात, आणि मग तणाचे भांडण सोडून बांधाचे भांडण सुरू होते. तामिळनाडू कृषी विद्यापीठाने अशा ठिकाणी २० टक्के युरियाचे पाणी टारफुल्यावरच रोखून फवारण्याचा पर्याय दिला आहे, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. उसाच्या पानावर ते पडू देऊ नये. मात्रा आणि वेळ शेतकी खात्याला विचारून ठरवा, दुकानदाराला विचारून नको.

आता बी पसरण्याकडे येऊ, कारण माझे खरे म्हणणे तिथे आहे. वाऱ्याने हे बी उडते, पण फार लांब जात नाही. मैलच्या मैल ते जाते आपल्यामुळे. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी एका शिवारात रोटावेटर मारतो, दुपारी दुसऱ्या. फासाला चिकटलेल्या ढेकळातून बी गाव बदलते. सरीतून वाहून निघालेले जादा पाणी खालच्या वावरात उतरते, बरोबर पूड घेऊन. बेणे तोडताना मुळकांड्यासह, मातीसह टिपरी भरली की बी ट्रॉलीतून थेट नव्या लागणीत. फुललेला टारफुला गवताबरोबर कापून गोठ्यात टाकला की उकिरड्यामार्गे परत शेतात.

हे थांबवता येते का? येते. १९५६ साली अमेरिकेत कॅरोलिना प्रांतांतील मक्यात हे तण सापडले. ते पहिल्यांदा ओळखले भारतातून तिकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने, असे तिथल्या नोंदी सांगतात. सरकारने लगेच बंदी घातली. लागण झालेल्या शेतातून माती, रोपे बाहेर न्यायची नाहीत, औजार धुतल्याशिवाय हलवायचे नाही. जमिनीत इथिलीन वायू सोडून बी फसवून उगवायला लावले, म्हणजे पीक नसताना उगवून ते मरावे. वर्षांमागून वर्षे हे चालू ठेवले. सारे मिळून सुमारे ४ लाख ३० हजार एकरांत हे तण पसरले होते, त्यातले शेकडा ९९ हून जास्त क्षेत्र त्यांनी मोकळे केले. तिकडे सरकारचा पैसा होता, वायूची यंत्रे होती. आपल्याकडे ती नाहीत. पण औजार धुणे आणि बोंड धरू न देणे याला यंत्र लागत नाही, एकोपा लागतो. आणि एकोप्यासाठीच आपण सहकारात आलो आहोत ना?

वायूचे काम आपल्याकडे पीक करू शकते. गंमत अशी की तो १९६६ चा पदार्थ सापडला कपाशीच्या मुळांत, आणि कपाशीवर हा टारफुला जगू शकत नाही. म्हणजे कपाशी बीला हाक मारते, बी उगवते, आणि खायला काही न मिळून मरते. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, जवस यांचाही असा उपयोग सांगितला जातो. नेवासे तालुक्यात कपाशी आणि सोयाबीन नवी पिके नाहीत. उलट ऊस मोडून ज्वारी, बाजरी किंवा मका घेतला तर आपण चोराला नुसते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. ऊस वाढवणे हे माझे काम आहे. नोंदीचे क्षेत्र घटले तर पहिला जाब मला विचारला जातो. तरीही सांगतो, ज्या प्लॉटात टारफुला जागोजाग फुलला आहे त्याचा खोडवा राखू नका. तो मोडा, एक-दोन हंगाम कपाशी, सोयाबीन, भुईमूग घ्या आणि मग लागण करा. एका हंगामात जमीन निर्मळ होणार नाही, हे वर सांगितलेल्या दहा वर्षांवरून कळेलच. पण साठा उतरतो. रोगट खोडव्याचा कमी उतारा गाळायला आणण्यापेक्षा पुढे चार वर्षे भरलेला ऊस येणे कारखान्याच्याही हिताचे आहे. असा प्लॉट स्वतःहून मोडणाऱ्या सभासदाची पुढची नोंद अग्रक्रमाने घ्यावी आणि बेणे किंवा रोपे देताना त्याचा आधी विचार व्हावा, असे माझे संचालक मंडळाला सुचवणे आहे.

हे सुचवण्याचे कारण साधे आहे. आज सभासद टारफुला लपवतो. चिटबॉय आला की त्याला चांगल्या बाजूने फिरवतो. बेण्याचा प्लॉट नाकारला जाईल, गावात नाव होईल, ही भीती. बेण्याला ऊस दिला की गाळपापेक्षा दोन पैसे जास्त सुटतात, तेव्हा ती भीती मला समजते. पण लपवलेल्या एका प्लॉटाचे बेणे दहा सभासदांच्या वावरात जाते. लपवणाऱ्याला शिक्षा करून हे थांबणार नाही, सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी सोय केली तरच थांबेल. टारफुला निघणे हा काही कोणाचा गुन्हा नाही. बी कोणाच्या बांधावरून आले याचा शोध घेत बसलो तर मूळ पुरुषापर्यंत कधी पोचणार नाही. त्यापेक्षा या वर्षी ते कोणाच्या बांधापलीकडे जाऊ द्यायचे नाही, एवढे ठरवू.

त्यासाठी चार गोष्टी सर्वांनी पाळाव्यात.

एक, पावसाळ्यात मोठ्या बांधणीनंतर दर दहा-बारा दिवसांनी प्लॉटात आडवे-उभे फिरा. बांधावरून पाहून चालणार नाही, टारफुला बेटाच्या बुडाशी असतो. वर आलेले रोप फूल येण्याआधी उपटा. फूल आलेले सापडले तर पोत्यात भरा, वाळवून जाळा. बांधावर, चारीत, उकिरड्यावर टाकू नका.

दोन, बेणेमळा टारफुल्याच्या शिवारात धरू नका. बेणे तोडताना मुळकांडे आणि माती वावरातच ठेवा. जमत असेल तर कोकोपीटमधील रोपे लावा, त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या शेताची माती येत नाही.

तीन, भाड्याचे औत बांधाच्या आत घेण्याआधी फास, रोटावेटर आणि चाके खरवडून, पाणी मारून घ्या. ट्रॅक्टरवाले मंडळी हसतील, हसू द्या. बहुतेक ट्रॅक्टरवाले आपलेच सभासद आहेत, त्यांच्याही वावरात ऊस आहे.

चार, एका चारीवरच्या सभासदांनी एकाच आठवड्यात उपटणी करा. वरच्याने उपटले नाही तर खालच्याचे कष्ट पाण्यात जातात, आणि ते अक्षरशः पाण्यातूनच येतात.

आपल्या वावरात असली पांढरी फुले दिसली, किंवा शंका जरी आली, तर रोप मुळासकट उपटून पिशवीत बांधून गट ऑफिसात आणा. पिशवी घट्ट बांधा. आपले नाव फलकावर लागणार नाही, की बेण्याच्या यादीतून विचारल्याशिवाय कमी होणार नाही, हे मी माझ्यापुरते सांगतो. पुढची उपटणी कोणत्या चारीवर कधी घ्यायची ते आपल्या गटाच्या बैठकीत ठरवू. त्या बैठकीला खुरपणीला जाणाऱ्या घरच्या बायकांनाही आणावे. टारफुला सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी